बालदंतविभागातला नवा तक्ता : प्रकल्प नोंदी

७ जुलै

प्रकल्प मंजूर झाला. कागदावरचं नाव लांबलचक आहे, ‘बाल व किशोरवयीन मौखिक आरोग्य : अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण’. विभागात सगळे त्याला ‘तक्त्याचा प्रकल्प’ म्हणू लागलेत, आणि तेच जास्त बरोबर आहे.

कारण वाद तक्त्यावरूनच सुरू झाला. आमच्याकडे पोस्टिंग, म्हणजे विद्यार्थ्याची विभागातली पाळी, पूर्ण झाली की नाही हे कोट्यावर ठरतं. इतकी फिलिंग, इतक्या पल्पोटॉमी (दाताच्या नसेचा वरचा भाग काढणं), इतके दात काढले, खाली स्टाफची सही. मार्चमध्ये एका विद्यार्थ्याने साडेचार वर्षांच्या मुलाच्या दाढेत फिलिंग केलं. मुलगा रडत होता, आईने हात धरले होते, आणि फिलिंग खरोखर सुरेख झालं होतं. कड कुठे उचललेली नाही, चावा बरोबर. मी सही दिली. पंधरा दिवसांनी तो मुलगा दुसऱ्या दाढेसाठी आला आणि विभागाच्या दारातच फतकल मारून बसला. आत आलाच नाही. तक्त्यात मार्चच्या त्या दिवसापुढे ‘फिलिंग १, पूर्ण’ एवढंच आहे. मुलाचं काय झालं याला रकानाच नाही.

म्हणून नवा तक्ता. १६ विद्यार्थी, सहा महिने, प्रत्येकाकडे तीन मुलं : एक सहा वर्षांखालचं, एक सहा ते बारा वर्षांमधलं, एक त्यापुढचं. मूल तेच, विद्यार्थीही तोच. जुना कोटा पूर्ण काढायला परवानगी मिळाली नाही, निम्मा झाला. नव्या तक्त्यात काय केलं याआधी तीन रकाने : येताना मूल कसं होतं, जाताना कसं होतं, आणि ‘आज काही केलं नाही, का?’ या शेवटच्या रकान्यावरून बैठकीत बराच हशा झाला.

१० जुलै

येताना-जाताना ‘कसं होतं’ हे प्रत्येकाने मनाला येईल तसं लिहून चालणार नाही. फ्रँकलची १९६२ सालची वागणुकीची श्रेणी वापरायची ठरलं. चारच पायऱ्या : साफ नकार, नाखुशी, तयारी, आणि मनापासून सहकार्य. जुनी आहे, ढोबळ आहे, पण दहा मिनिटांत शिकता येते. विद्यार्थ्यांना क्रमांक दिले, वि-१ ते वि-१६. नोंदींमध्ये नावं कुणाचीच नाहीत, मुलांचीही नाहीत.

१८ जुलै

कॅलिब्रेशनचा, म्हणजे सगळ्यांची नजर एका मापावर आणायचा दिवस. काढलेले २० दात टेबलावर, प्रत्येकाने कीड कुठल्या टप्प्यावर आहे ते आयसीडीएएस या कीड मोजायच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीच्या ० ते ६ या आकड्यांत लिहायचं. सगळ्यांना मोठे खड्डे दिसतात. भांडण १ आणि २ वरच. हिरडीलगतचा खडूसारखा पांढरा पट्टा दात ओला असेपर्यंत दिसत नाही. पाच सेकंद हवा मारून वाळवला की उमटतो. वि-४ ने निम्मे दात न वाळवताच ‘निरोगी’ लिहून टाकले. वि-९ ने अणकुचीदार प्रोब, म्हणजे दात चाचपायची सळई, खाचेत रुतवून बघितला. या सवयीचा मला मनापासून राग आहे. मऊ झालेल्या इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कवचाला, टोचलं तर जे दुरुस्त होऊ शकलं असतं तेच आपण फोडतो. गोल टोकाचा प्रोब, आणि तोही नुसता फिरवायचा.

कोहेनचा कप्पा काढला, म्हणजे दोघांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा. पहिल्या फेरीत आकडा बघून कुणी काही बोललं नाही. दुपारच्या फेरीत बरा आला. स्टाफमधल्या आम्हा तिघांचाही काढला. आमचा विद्यार्थ्यांपेक्षा फार वेगळा नव्हता. तिघांच्या चेहऱ्यांवर जे होतं ते लिहीत नाही.

२५ जुलै

आज कुणीही मिरर-प्रोब हातात घेतला नाही. नुसते शब्द.

‘सांगा, दाखवा, करा’ ही रीत अॅडेल्स्टन यांनी १९५९ साली मांडली. सगळ्यांना पाठ आहे, व्हायव्हाला, तोंडी परीक्षेत, घडाघडा सांगतात. म्हणून प्रत्येकाला खुर्चीत झोपवलं आणि बाकीच्यांना त्याच्यावर करायला लावलं. वि-१३ दणकट मुलगा, खेळाडू. आडवा झाल्यावर त्याच्या डोळ्यांत थेट दिवा, दोन मास्क लावलेली तोंडं वरून वाकलेली, आणि न सांगता हिरडीवर थंड हवेचा फवारा. दचकून उठलाच. मग म्हणाला, “मॅडम, मिरर दातावर आपटतो तेव्हा कानात टण्ण वाजतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.” चार वर्षं हा मिरर वापरतोय.

मग मुलांच्या भाषेतली यादी केली. सक्शन म्हणजे तहानलेली नळी. एअरोटर, म्हणजे दाताचं ड्रिल, हा शिट्टी वाजवणारा फवारा. दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा, रबर डॅम, म्हणजे दाताचा रेनकोट, तो अडकवायचा क्लॅम्प म्हणजे त्याचं बटण. भूल म्हणजे दाताला झोपवायचं औषध. यावर वि-२ ने रास्त शंका काढली : हे खोटं बोलणं नाही का? बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं : वस्तूला गोड नाव देणं चालेल, पण काय जाणवणार आहे ते खोटं सांगायचं नाही. ‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य बंद. ‘चिमटा घेतल्यासारखं होईल, मी पाचपर्यंत मोजते, तूही मोज’ हे चालेल, पण मग पाचला थांबायचं. सहावर गेलात की विषय संपला. ‘घाबरू नकोस’ सुद्धा बंद, कारण तोवर घाबरायचं काही आहे हे मुलाला ठाऊकच नसतं.

पालकांचं ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर इंजेक्शन देतील’ मात्र आपण बंद करू शकत नाही. त्यावर काय म्हणायचं? वि-७ ने सुचवलं, मुलाकडेच बघून म्हणायचं, “मी कशी आहे ते तूच बघून ठरव.” हे मला आवडलं.

५ ऑगस्ट

ओपीडीतला पहिला दिवस. चौदा महिन्यांचं बाळ, पुढचे वरचे चार दात. खुर्ची वापरायची नाही. आई आणि विद्यार्थिनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे टेकून, बाळाचे पाय आईच्या कमरेशी, डोकं विद्यार्थिनीच्या मांडीवर. बाळ रडतंच. रडल्यावर तोंड उघडतं, ही सोयच. वि-५ रडणं ऐकून थांबली, तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. आईला आधीच सांगून ठेवायला हवं होतं की या वयात रडणं हे उत्तर आहे, तक्रार नव्हे. तपासणीला मिनिटही लागत नाही. ओठ वर उचलून हिरडीलगतची रेघ बघायची, तेवढंच आईलाही शिकवायचं. महिन्यातून एकदा तिने घरी ओठ उचलून बघितलं तरी आमचं बरंच काम होतं.

पलीकडच्या खुर्चीवर चार वर्षांचा मुलगा, मुठीत लाल गाडी. वि-११ कडे. गाडी सोडायला तयार नाही, तोंड उघडायला तयार नाही. तिने चाळीस मिनिटांत गाडीचे दिवे मोजले, गाडीला मिररमध्ये तिचं तोंड दाखवलं, आणि सोडून दिलं. आल्यावर फ्रँकल १, जाताना २. ‘आज काही केलं नाही, का?’ या रकान्यात तिने लिहिलं : ‘दुखत नाही, सूज नाही, घाई नाही.’ मग माझ्याकडे सहीसाठी आली तेव्हा तक्ता जरा लपवूनच धरला होता.

१२ ऑगस्ट

भुलेचा हिशेब, फळ्यावर. १४ किलोचं मूल, २ टक्के लिग्नोकेन, म्हणजे भुलेचं औषध. जास्तीत जास्त किती? अमेरिकेतल्या बालदंतवैद्यक अकादमीची मर्यादा आम्ही पाळतो, किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. म्हणजे ६१.६ मिलिग्रॅम. इथवर सगळे आले. पुढे गाडी अडली, कारण २ टक्के म्हणजे मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम, २ नव्हे. तिघांचं उत्तर दहापट आलं आणि त्यांना ते खटकलंही नाही. १.८ मिलिलीटरच्या कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला दोन कार्ट्रिजही पूर्ण चालत नाहीत. मोठ्यांना सर्रास दोन देणाऱ्या हाताला हे कळायला वेळ लागतो. आता वजनकाटा खुर्चीशेजारी आहे. ‘आईने सांगितलेलं वजन’ तक्त्यात चालणार नाही, आणि हिशेब सुई भरायच्या आधी लिहायचा.

२० ऑगस्ट

काल वि-३ ने सहा वर्षांच्या मुलीला खालच्या जबड्यात ब्लॉक, म्हणजे एक बाजू बधिर करणारं भुलेचं इंजेक्शन, दिला, काम छान झालं. आज आई घाबरीघुबरी होऊन आली. मुलीचा खालचा ओठ टम्म, आतून पांढरा. आईला वाटलं पू झाला, सुईतून काही गेलं. ओठ चावलाय. बधिर ओठ मुलांना गंमत वाटतो, चावत बसतात. वरचा पांढरा थर पू नसतो, जखमेवरची खपली तोंडात ओली राहिली की तशीच दिसते. आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येते. वि-३ म्हणाला, “मी सांगितलं होतं.” खरंच सांगितलं होतं. आई पिशवी आवरत होती, मुलगी बूट शोधत होती, तेव्हा. दाताची भूल उतरली तरी ओठाची पुढे दोन-तीन तास राहते, हे त्या गडबडीत कोण ऐकणार?

नवीन नियम : भूल दिल्यावर मुलाच्या हातात आरसा द्यायचा, ओठ कसा झोपलाय ते त्यालाच दाखवायचं. मनगटावर ‘माझा ओठ झोपला आहे’ अशी चिकटपट्टी. आईने सूचना उलट आम्हाला सांगायच्या, तोवर बूट घालायचे नाहीत.

२ सप्टेंबर

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, एसडीएफ. ३८ टक्क्यांचा द्रव, फ्लोराइड ४४,८०० पीपीएम. लावायला एक थेंब, ब्रश आणि काही मिनिटं लागतात. ड्रिल नाही, भूल नाही. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कीड थांबवतं, आणि थांबवलेली कीड काळीकुट्ट करतं. हे शेवटचं वाक्य विद्यार्थी हळू आवाजात सांगतात.

वि-८ ची केस, तीन वर्षांचा मुलगा, वरच्या पुढच्या चारही दातांना कीड, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपतो. वडिलांनी संमतीपत्रावर सही केली. संध्याकाळी आईने मुलाचं हसू बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “मला कुणी विचारलं का?” वि-८ ने फॉर्म दाखवला. मला तिथेच त्याच्या हातातून तो फॉर्म काढून घ्यावासा वाटला.

आता आधी आणि नंतरच्या फोटोंचा कागद छापलाय, काळे दात आहेत तसे. मूल सांभाळणाऱ्या दोघांनी बघायचा. पुढच्या दातांना लावायचं असेल तर त्याच दिवशी लावायचं नाही, घरी जाऊन ठरवू द्यायचं. त्या आईने शेवटी दात तसेच ठेवायला होकार दिला, पुढे पांढरं फिलिंग वरून करता येईल हे ऐकल्यावर. बाटलीचं मात्र तिनेच मनावर घेतलं, आम्ही काही बोलायच्या आधी.

ता. क. वि-८ च्या पांढऱ्या कोटावर एक तपकिरी डाग आहे. कातडीवरचा जातो, कापडावरचा जात नाही. कोट बदलू नकोस असं मी म्हटलं नव्हतं, पण त्याने बदललेला नाही.

१२ सप्टेंबर

हॉल क्राउन. यावर वर्गात सगळ्यात जास्त अविश्वास. “कीड तशीच ठेवून वरून टोपी घालायची?” चार वर्षं आम्हीच शिकवलं की कीड संपूर्ण खरवडून काढा, मग दुसरं काय म्हणणार? स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या रोजचा दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्य. दुधाच्या दाढेला भूल नाही, घासणं नाही, स्टीलचा तयार क्राउन सिमेंट भरून वरून दाबून बसवायचा, असं त्या वर्षानुवर्षं करत होत्या. त्यांच्या नोंदी नीट होत्या म्हणून २००६ मध्ये त्या तपासून छापता आल्या आणि जगाने दखल घेतली. आत कोंडलेल्या जंतूंना खायला मिळत नाही, कीड पुढे सरकत नाही. अट एवढीच की दाढेची नस जिवंत हवी, रात्रीची ठणक किंवा सूज नको, आणि एक्स-रेत कीड व नस यांच्या मधे डेंटिनची, म्हणजे इनॅमलखालच्या थराची, स्पष्ट पट्टी दिसायला हवी.

वि-१४ ने पहिला केला. चार दिवस आधी दाढांच्या फटीत रबरी सेपरेटर घातले होते. मूल आडवं न ठेवता बसवलेलं, घशाकडे गॉझ उघडून धरलेली, कारण लहानसा गुळगुळीत क्राउन बोटांतून निसटला तर कुठे जाईल याची जबाबदारी आपली. क्राउन जीआयसी या दाताच्या सिमेंटने काठोकाठ भरला, बोटाने दाबला, मग मुलीला सांगितलं, “आता तू चाव, जोरात.” कड्क आवाज आला आणि सिमेंट चारही बाजूंनी बाहेर. हिरडी पांढरी पडली, वि-१४ चा चेहराही. हिरडीचा रंग काही मिनिटांत परत येतो. चावा उंच राहतो, पुढचे दात मिळत नाहीत, तेही काही आठवड्यांत आपोआप जुळतं. मुलीने आरशात बघून “चांदीची दाढ” असं जाहीर केलं आणि बाहेरच्या सगळ्या मुलांना दाखवली. त्यातल्या दोघांनी आमच्याकडे तशीच मागितली.

जुन्या कोट्यात हा क्राउन धरत नाहीत, कारण त्यात ‘टूथ प्रिपरेशन’चा, म्हणजे दात घासून आकार देण्याचा, टप्पा लिहायला लागतो आणि इथे प्रिपरेशनच नाही. वि-१४ ने विचारलं, मग मी हा केला की नाही केला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. विभागप्रमुखांना पत्र टाकलंय.

३० सप्टेंबर

आज नुसतं बसून ऐकलं. वि-६ ने एका आईला सात मिनिटं सलग सांगितलं : गोड कमी, ब्रश दोनदा, बिस्किट बंद, बाटली बंद. आई मान हलवत होती. तक्त्यात ‘समुपदेशन केले’. मी आईला विचारलं, “घरी गेल्यावर यातलं काय करणार?” ती गोड हसली आणि म्हणाली, “सगळं करू ना.” याचा अर्थ काय ते आपल्याला कळतं.

मग उलट केलं. वि-६ ला फक्त एक प्रश्न दिला : “संध्याकाळपासून झोपेपर्यंत काय काय होतं?” आई बोलायला लागली. ती रात्रपाळीला जाते. मूल आजीकडे झोपतं, झोपताना रडलं की आजी बिस्किट देते, आजीचे गुडघे दुखतात, त्यामुळे उठून परत ब्रश होत नाही. सात मिनिटांच्या भाषणात यातलं काहीच नव्हतं. ठरलं ते इतकंच : ब्रश आजीच्या पलंगावर बसून, नंतर फक्त पाणी. पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. बिस्किट दिवसा जेवणासोबत. बंद नाही. आजीला निरोप चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरात.

किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं, हे विद्यार्थ्यांना स्टीफनची आम्लतेची वक्ररेषा पाठ असूनही बोलताना सुचत नाही. दर वेळी गोड खाल्लं की दातावरच्या थराचा सामू ५.५ च्या खाली जातो आणि परत यायला अर्धा-पाऊण तास लागतो. अर्ध्या तासाला एक बिस्किट खाणाऱ्या मुलाच्या दाताला दिवसभर सुटकाच नाही.

८ ऑक्टोबर

आठ वर्षांचा मुलगा, चारही पहिल्या कायमच्या दाढा पिवळट-तपकिरी, एकीचा तुकडा उडालेला. वि-१० ने पालकांना स्वच्छतेवरून बोलून घेतलं. ही कीड नव्हे. मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, २००१ मध्ये नाव मिळालेला दोष. दाढ तयार होतानाच इनॅमल कच्चं राहिलेलं. पालकांचा काही दोष नाही. वि-१० ने त्यांची माफी मागितली, न सांगता, हे इथे नोंदवते.

आणि एक गोष्ट माझ्या खात्यावर. जुलैत मीच सगळ्यांना शिकवलं, पाच सेकंद हवा मारा. या दाढांवर हवा मारली की मूल खुर्चीवरून उडतं, इतक्या त्या संवेदनशील असतात. भूलही नीट चढत नाही. इथे कापसाने टिपायचं. तपासणीच्या यादीत दुरुस्ती केली.

१७ ऑक्टोबर

किशोरवयीन गट. यात आम्ही सगळेच कच्चे निघालो.

चौदा वर्षांची मुलगी, आई सोबत. वि-१६ ने आईला विचारलं, “ही दिवसातून किती वेळा ब्रश करते?” मुलगी छताकडे बघत होती. मग तपासताना त्याला वरच्या पुढच्या दातांच्या टाळूकडच्या बाजूला इनॅमल झिजून गुळगुळीत, काचेसारखं झालेलं दिसलं. त्याने पुस्तकात वाचलेलं बरोबर आठवलं आणि आईसमोर मोठ्याने विचारलं, “तू उलट्या करतेस का?” मुलीने तोंड मिटलं. त्या दिवसापुरतं मिटलं असं नव्हे, ते दिसतच होतं.

निदानाची दिशा बरोबर असू शकते. आम्लपित्त असेल, आंबट शीतपेयं असतील, उलट्या असतील. पण विचारायची रीत? संध्याकाळी सगळ्यांना बसवलं. बारानंतरच्या मुलांसाठी ठरवलं : पहिला प्रश्न मुलाला, पालकांना नंतर. प्रत्येक भेटीत थोडा वेळ पालक बाहेर, दार उघडं, स्टाफ नजरेच्या टप्प्यात पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. सुरुवातीलाच सांगायचं की आपलं बोलणं आपल्यातच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल. ही अट आधी सांगायची. गुपित ऐकून घेतल्यावर सांगितली तर तो विश्वासघात. आणि प्रश्न दारापासून सुरू करून आत जायचा : “असे दात मला काही मुलामुलींमध्ये दिसतात. कधी पोटातलं आंबट वर येतं का, कधी इतर कारणं असतात. तुला यातलं काही ओळखीचं वाटतं का?” उत्तर नाही मिळालं तरी चालेल.

त्याच दिवशी वि-१ कडे ब्रेसेसवाला पंधरा वर्षांचा मुलगा, प्रत्येक ब्रॅकेटभोवती पांढरे डाग. हिरडी, कीड, भविष्य यातलं काहीही त्याला शिवलं नाही. वि-१ ने फोनवर त्याच्या दाताचा जवळून फोटो काढून दाखवला आणि म्हणाली, “तार निघेल तेव्हा हे चौकोन राहतील.” त्याने फोटो स्वतःला पाठवून घेतला. निघताना इंटरडेंटल ब्रश कसा फिरवायचा ते त्यानेच विचारलं.

६ नोव्हेंबर

टेलिफोनची कवायत. मी बाहेरून फोन करते, खेळाच्या मैदानावरची शिक्षिका म्हणून. “दात पडलाय मुलाचा, अख्खा! हातात आहे माझ्या!” वि-१२ चं उत्तर : “लगेच घेऊन या.” फोन ठेवला. वय विचारलं नाही.

आठ वर्षांचा असेल तर पुढचा दात कायमचा आहे. तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरायचा, माती असेल तर क्षणभर धुवायचा, घासायचा नाही, आणि तिथेच खाचेत परत बसवून रुमाल चावायला द्यायचा. जमत नसेल तर दुधात. साध्या पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात, त्यामुळे रस्त्यात जाणारं प्रत्येक मिनिट मोजायचं. दुसरा फोन मुद्दाम तीन वर्षांच्या मुलाचा केला. आताच शिकलेला वि-१२ ठणकावून म्हणाला, “तिथेच बसवा!” दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही, खाली कायमच्या दाताचा अंकुर असतो.

पुढचे तीन आठवडे कुणालाही कधीही फोन येईल. वि-१५ ला तर काल रात्रीच केला होता. पहिला प्रश्न, “वय किती?” शाबास.

१० डिसेंबर

ओएससीई झाली, म्हणजे टेबलाटेबलावर फिरून द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा. बारा स्टेशन. बाहेरून आलेल्या परीक्षकांना संवादाची स्टेशनं आवडली, पण जेवताना त्यांनी विचारलंच, एका विद्यार्थ्यामागे फिलिंग किती झाली? मागच्या वर्षीपेक्षा कमी. लपवण्यासारखं काही नाही. आणि विभागातले एक सहकारी जे म्हणत आलेत तेही पूर्ण चूक नाही : दोघा विद्यार्थ्यांचा हात खरोखर मागे आहे. वि-६ बोलतो छान, पण फिलिंगसाठी तो कोरतो त्या खड्ड्याचा तळ अजून उंचसखल येतो. दुधाच्या दाढेत इनॅमल-डेंटिन पातळ, नसेची शिंगं वर आलेली, तिथे असा हात चालत नाही. जानेवारीत दोघांना टायफोडॉन्टवर, सरावाच्या नकली जबड्यावर, जादा तास. हे मी सुरुवातीलाच धरायला हवं होतं.

हॉल क्राउन जुन्या कोट्यात धरायला मान्यता आली. एका ओळीचं पत्र.

१४ जानेवारी

शेवटची फेरी. ४८ मुलांपैकी बरीच आली, काही आलीच नाहीत. वि-१६ ची ती मुलगी आली नाही. आईने फोन उचलला, पुढची तारीख घेतली नाही. वि-१६ ने तक्त्यात ‘संपर्क झाला’ लिहिलं होतं, मग खोडून ‘आईशी संपर्क झाला’ केलं.

चांदीची दाढ जागेवर आहे, चावा जुळलाय. लाल गाडीवाला आला, गाडी आता निळी. नोव्हेंबरात दोन्ही दाढांना फ्लोराइडचं व्हार्निश, डिसेंबरात एक क्राउन, आज फ्रँकल ३. सहा वर्षांचा होईल त्या सुमारास मागे पहिली कायमची दाढ उगवेल. त्यासाठी कुठलाच दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरी कळतही नाही, आणि खाचा सीलंटने, म्हणजे कीड रोखणाऱ्या लेपाने, बुजवायच्या तर कुणीतरी वाट बघत असायला हवं. वि-११ म्हणाली, “मॅडम, तोवर माझी पोस्टिंग संपलेली असेल.” पुढच्या बॅचमधल्या कुणाकडे तरी द्यावा लागेल. मी म्हटलं, हस्तांतराची चिठ्ठी लिही. फाइलला लावलीय, तशीच उतरवते :

‘गाडी हातात असू दे. हवेचा फवारा आधी त्याच्या नखावर, मग गाडीवर, मग दातावर. डावीकडून सुरुवात कर, उजवीकडे आधी कुणीतरी दुखवलंय. मोजताना पाचला थांब. ‘झालं’ म्हणालीस की खरंच थांब, तो आरशात बघून खात्री करतो.’